साखळी, कुत्रं आणि चार बोटं

आमच्या कॉलनीत सकाळी सव्वाआठ वाजता देवराव गिरदावर चुन्याचा डबा घेऊन बाहेर पडतात आणि अंगणात बांधलेल्या एकेका कुत्र्याभोवती पांढरं रिंगण काढत जातात. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांना वाटतं, आदिलाबादेत कुत्र्यांची काही पूजाबिजा असावी. माझ्या नागपूरच्या साडूने तर चपला काढून हात जोडले होते.

ती पूजा नाही, हद्द आहे. गिरदावर म्हणजे पटवाऱ्याच्या वरचा आणि तहसीलदाराच्या खालचा, गावोगाव फिरून शेतांच्या हद्दी तपासणारा महसुलातला माणूस. देवराव त्या कामातून रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. वांकिडीकडच्या एका खेड्यातल्या कापूस-ज्वारीच्या घरातला हा माणूस. उंच, वाळका, पांढरा सदरा, सदऱ्याच्या एका खिशात टेप आणि दुसऱ्यात घडी घातलेला कार्बन पेपर. मुलगा पुण्यात, बायको वारलेली, घरात एकटेच. गल्लीत ते कुणालाही नावाने हाक मारत नाहीत. शेजारचा मी अठरा नंबर, समोरचे कॉलनीचे प्रेसिडेंट नरसिमलू बावीस नंबर. माझी बायको सरकारी दवाखान्यात औषधं देते. तिला ते ‘अठरा नंबर बाई’ म्हणतात आणि ती निमूट ओ देते.

रिंगणाचं सूत्र त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. “साखळी अधिक कुत्रं अधिक चार बोटं.”

“साखळी समजली, कुत्रं समजलं. चार बोटं कशाची?”

“सरकारची,” ते म्हणाले आणि पुढच्या कुत्र्याकडे गेले.

कॉलनीतला कुत्रे बांधण्याचा नियम त्यांनीच लिहिला. एका मोकळ्या कुत्र्याने स्कूटरवाल्याला पाडलं, बैठकीत आरडाओरडा झाला, आणि सगळे ओरडत असताना कोपऱ्यात बसून देवरावांनी कार्बन घालून तीन प्रती तयार केल्या. वर मथळा, ‘कुत्ता बंदोबस्त’. बाहेर बांधायचं तर साखळी सात फुटांची, जवळ पाण्याचं भांडं, जागा सावलीची, आणि भोवती चुन्याचं रिंगण. रिंगणाच्या बाहेरून माणसाने बिनधास्त जावं, आत जाऊन कुणी जनावराला छेडू नये. शेवटचं कलम असं की, जे जनावर हद्दीबाहेर माणसाला धरेल, ते कॉलनीतून जाईल. सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या, कारण सह्या केल्याशिवाय ते कुणाला घरी जाऊ देईनात.

त्या शेवटच्या कलमाने एक बळी घेतलाही होता. सात नंबरचं पिवळं कुत्रं एका गॅसवाल्याला चावलं. त्याला नेरडीगोंड्याजवळ कुणाच्या शेतावर दिलं, आणि पंधरा दिवसांत ते हायवेवर गाडीखाली आलं. ही खबर आली त्या दिवशी देवरावांनी रिंगणं काढली नाहीत. पण नियम काही त्यांनी बदलला नाही. “कागद झाला ना आता,” एवढंच म्हणाले.

माणूस असा की त्याच्याशी भांडताही येत नाही. आम्ही घर बांधलं तेव्हा मधली भिंत मोजायला ते बिनबोलावता आले. मी वैतागून म्हटलं, “गिरदावरसाब, चार बोटं इकडंतिकडं झाली तर काय आभाळ कोसळते का?” “कागदावर नाई, मौक्यावर पाहू,” म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, हे आपलं ठेवणीतलं वाक्य ते म्हणाले आणि भर उन्हात दोन तास मोजत राहिले. शेवटी निघालं ते असं की, आमचं सगळं बरोबर होतं, त्यांच्याच न्हाणीघराची भिंत तीन बोटं आमच्यात आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकीच्या आवाजाने जाग आली. पाहतो तर देवराव स्वतःची भिंत स्वतः फोडत होते. मी नको नको म्हणत राहिलो. “अतिक्रमण माझं निंगालं, तर मीच पाडीन ना,” ते म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं.

आता शेरूविषयी. शेरू आमच्या केतकीचा. ती शिकायला हैदराबादला गेली आणि जाताना कुत्रं आमच्या गळ्यात बांधून गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, त्यात आईबापांची चौकशी दोन मिनिटं आणि फोनवर शेरूचं तोंड दाखवण्याचा कार्यक्रम दहा मिनिटं. आम्ही दोघंही नऊला नोकरीवर जायचो. घरात ठेवलं तर तो दारं ओरबाडायचा, म्हणून त्याला अंगणात बांधून जायचो. आमच्या घरांना पुढे भिंत नाही, अंगण सरळ रस्त्याला लागतं. गिरदावरसाबांच्या हद्दीवर कडुलिंबाचं मोठं झाड आहे. सकाळी त्याची सावली थेट शेरूच्या खुंट्यापर्यंत यायची. सात फुटांची साखळी, पाण्याचं भांडं, सावली, रिंगण, सगळं कलमाप्रमाणे. मी निश्चिंत मनाने ऑफिसला जायचो.

गिरदावरसाब शेरूला ‘सदर जनावर’ म्हणायचे. “सदर जनावराचं भांडं रिकामं हाये, अठरा नंबर.” “सदर जनावर काल सव्वापाचपर्यंत भुकून राह्यलं होतं.” त्यांना कुत्री आवडत नाहीत, यावर कॉलनीत एकमत होतं.

एप्रिलातल्या एका गुरुवारी दुपारी दीड वाजता नरसिमलूंचा ऑफिसात फोन आला. “लगेच या. तुमच्या कुत्र्यानं टपालवाल्या पोरीला धरलं.”

मी पोचलो तेव्हा अंगणात दहा-बारा माणसं होती. लावण्या, टपाल वाटणारी, पोटरीला ओढणी बांधून आमच्या पायरीवर बसली होती. तिचं टपाल अंगणाच्या फरशीवर पसरलं होतं. शेरू खुंट्याजवळ अंग चोरून उभा. साखळी तीच, सात फुटांची. देवराव झाडाला टेकून उभे होते आणि त्यांचा एक हात सदऱ्याच्या खिशात होता. बायकोने दवाखान्यातून रिक्षा पाठवली आणि लावण्याला इंजेक्शनसाठी नेलं.

“मौक्यावर पंचनामा करा, गिरदावरसार,” नरसिमलू म्हणाले. “रविवारी दहा वाजता. मग ठरवू.”

देवरावांनी नुसती मान हलवली. मला ते खटकलं, कारण पंचनाम्याला रविवारपर्यंत थांबणारा हा माणूस नव्हे.

शुक्रवारी चुन्याचा डबा बाहेर आला नाही. शनिवारीही नाही. दोन दिवस रिंगणं न काढलेल्या कॉलनीत लोक बांधलेल्या कुत्र्यांकडे पाहत रस्त्याच्या पलीकडून चालायला लागले. शेरूला आम्ही घरात कोंडलं. संध्याकाळी केतकीचा फोन आला आणि ती एकच विचारत राहिली, “बाबा, त्याला पाठवणार नाही ना?” मी म्हटलं, “पाहू.” सात नंबरच्या पिवळ्या कुत्र्याचं काय झालं ते तिला माहीत होतं. मी फोन बायकोकडे दिला.

रविवारी दहाच्या आधीच अंगण भरलं. लावण्या पट्टी बांधलेला पाय पुढे करून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. शेरूला त्याच खुंट्याला, त्याच साखळीने बांधायला लावलं. गुरुवारचं रिंगण अजून ठळक होतं. झाडाच्या बुंध्याकडे, रिंगणाच्या बाहेर, फरशीवर रक्ताचा डाग वाळून काळा पडला होता.

देवराव आले. दाढी वाढलेली, सदरा मात्र इस्त्रीचा. कुणाकडे न पाहता त्यांनी टेप काढला.

“साखळी सात फूट,” ते म्हणाले. “सदर जनावर पावणेतीन. चार बोटं म्हंजे पाव फूट. रिंगण धा फुटाचं. बरोबर हाये.” मग ते डागाजवळ गेले, वाकले, आणि बराच वेळ टेपवरचा आकडा पाहत राहिले. “डाग... बारा फुटावर.”

“म्हणजे संपलं,” नरसिमलू म्हणाले. “दहा फुटांच्या पुढं कुत्रं पोचूच शकत नाही. ही पोरगी आत गेली असेल, काही केलं असेल, आणि चावल्यावर पळत बाहेर आली असेल. काय गं?”

लावण्याचा चेहरा उतरला. “नाही सार. मी लाइनीच्या बाहेरूनच गेली. रोज तशीच जाते. गिरदावरसार की लाइन है, डरने का नहीं, ऐसा मेरे को मालूम है.”

“मग कुत्रं उडत आलं का? साखळी सगळ्यांनी पाह्यली. असं खोटं बोलली तर तुझ्या ऑफिसला लिहावं लागेल, कुत्र्याला छेडते म्हणून.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं ते स्पष्टच लिहितो. मी गप्प बसलो. पोरगी खोटं बोलत नाही हे मला तिच्या तोंडावरून दिसत होतं, पण टेप शेरूच्या बाजूने बोलत होता. लावण्या खोटी ठरली की शेरू सुटला, आणि संध्याकाळी मला केतकीला काहीतरी बरं सांगता आलं असतं. मी फरशीकडे पाहत राहिलो.

“लिहा गिरदावरसार,” नरसिमलू म्हणाले. “पंच सही करतील.”

देवराव कागद घेऊन पुढे झाले, आणि तेवढ्यात शेरू उठला. दोन दिवस कोंडून पडलेला, कुणाकडे न बघणारा तो कुत्रा शेपटी हलवत साखळी ताणून देवरावांसमोर गेला. त्यांच्यापुढे नीट बसला. मान वर केली आणि पट्टा त्यांच्या हातापुढे धरला. मग नाक त्यांच्या डाव्या खिशाला लावून थांबला.

शेरूने नाकाने खिसा ढोसला.

“आज नाई, बापू,” देवराव अगदी हळू म्हणाले. “आज नाई.”

सदर जनावराला ‘बापू’ म्हटलेलं पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. नरसिमलूंनी विचारलं, “खिशात काय आहे, सार?”

देवरावांनी खिशात हात घातला आणि सुताचा पांढरा कासरा बाहेर काढला, बैलाला लावतात तसला, तीन फुटांचा तुकडा. दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. त्यांनी तो जमिनीवर ठेवला, टेप लावला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “तीन फूट. धा आन तीन, तेरा. डाग बारावर हाये. पोरगी खरी बोलून राह्यली.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“सावली सरकते ना, अठरा नंबर. तुमी सकाळी बांदता तवा सावली खुट्यावर राह्यते. बारा वाजता ते झाडाखाली जाते, साखळी पुरते त्याच्या तीन फूट पुढं. कलमात मी लिवलं, सावलीत बांदा. पन सावली कुटी खुट्याले बांदून राह्यते? महिनाभर झाला, मी रोज बारा वाजता ह्याच्या साखळीले हे लावतो, चार वाजता काढतो. तो झाडाखाली निजते. त्या रोजी बाई आली, बुंध्याआड तो तिले दिसला नाई, तो झोपीतून दचकला.” त्यांनी लावण्याकडे पाहिलं. “रिंगण धाचं, दोरी तेराची. तू माह्या लायनीवर भरोसा ठेवला, बेटा. लाईन खोटी होती.”

“आणि गुरुवारी?” नरसिमलूंनी विचारलं.

“वरडा ऐकून मीच पयले आलो. दोरी सोडली, खिशात टाकली. ह्याले नेतीन म्हनून भेव वाटलं. अख्खी नोकरी केली, कदी मौक्यावरची चीज हालवली नव्हती. त्या रोजी हालवली.”

मग ते पायरीवर बसले, गुडघ्यावर पुठ्ठा घेतला, कार्बन घातला आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर उभं राहून वाचलं. “मी देवराव, रिटायर गिरदावर, लिहून देतो की, सदर जनावर आपल्या दोरीच्या हद्दीत होते. दोरी वाढवून रिंगण न वाढवण्याचा कसूर माझा आहे. मौक्यावरील दोरी काढून घेण्याचा कसूरही माझाच आहे. टपालवाल्या बाईचा कसूर नाही. जनावराचा कसूर नाही.”

“ते ठीक आहे,” नरसिमलूंचा आवाज आता मवाळ झाला होता, “पण कलम तुमचंच आहे सार. हद्दीबाहेर चावलं तर कुत्रं जाईल.”

“हद्द दोरीची राह्यते, चुन्याची नाई. चुना मी टाकला. काढायचं तर मले काढा ना कॉलनीतून.”

नरसिमलूंनी चष्मा काढून पुसला आणि लावण्याकडे वळले. “तू सांग, अम्मा. तुलाच चावलं.”

लावण्याने शेरूकडे पाहिलं. तो आता देवरावांच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडला होता. “कुत्ते को कायको भेजते सार,” ती म्हणाली. “बारह बजे यहाँ फरशी कित्ती तपती, मेरे को मालूम है. मैं रोज चलती उस पे.” वर आणखी, “बस, लाइन सही डालो.”

शेरू राहिला. नरसिमलूंनी ठरवलं की त्याला मात्र एकटं बाहेर बांधायचं नाही, आणि रिंगणाचं काम आता कॉलनी बघेल. देवराव घरात गेले, चुन्याचा डबा घेऊन आले, नरसिमलूंच्या हातात दिला आणि पोच मागितली. नरसिमलूंनी ती मुकाट लिहून दिली. ती घेऊन ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी बायको मला जेवताना एवढंच म्हणाली, “आपण सावलीत बांधून जात होतो, असं आपल्याला वाटत होतं.” माझ्या कुत्र्याला उन्हाच्या हवाली करून मी पंख्याखाली बसलो होतो, आणि ज्याला आम्ही कुत्र्यांचा वैरी म्हणायचो तो म्हातारा महिनाभर रोज बारा वाजता उन्हातून माझ्या अंगणात येत होता.

मंगळवारी संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्या घरात गेलो. इतक्या वर्षांत ते कितीदा आमच्याकडे टेप घेऊन आले, मी कधी त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. बैठकीत त्यांच्या बायकोचा फोटो होता, आणि बाजूच्या खुंटीवर पांढरेशुभ्र, न वापरलेले कासरे टांगलेले. एक नव्हे, आठ-दहा. त्यांतला एक तीन फूट कापलेला.

“बैल कधी विकले, गिरदावरसाब?”

“लई वर्षं झाली. पन पोळ्याच्या बाजारातून रिकाम्या हातानं येववत नाई.” ते खुर्चीत बसले. “घरवाली गेल्यापासून दुपार लई मोठी होते हो. बोलाले कोनी नाई. पोराचा फोन येते, तो इच्यारते गोळी घेतली का. सदर जनावर ऐकून घेते. काई इच्यारत नाई.”

मी जे सांगायला आलो होतो तेच सांगितलं. “शेरूला दुपारी तुमच्या ओट्यापुढं ठेवू का? कोणी सोबत असलं म्हणजे बाहेर बांधायला हरकत नाही, असं नरसिमलू म्हणाले.”

ते खाकरले. “तोंडी नाई चालत. अर्ज द्या.”

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला, एक शब्द दुरुस्त केला, कोपऱ्यात तिरकं ‘मंजूर’ लिहिलं आणि कार्बनची प्रत मला दिली.

बुधवारी मी मुद्दाम बारा वाजता ऑफिसातून निघून आलो. कडुलिंबाच्या पलीकडे, त्यांच्या ओट्यापुढे शेरू गार सावलीत निजला होता. त्याच्याभोवती नवं रिंगण होतं. चुन्याचा डबा नरसिमलूंकडे जमा, म्हणून हे रांगोळीचं होतं. ओट्याच्या कडेवर त्यांच्या बायकोची जुनी रांगोळीची पितळी डबी उघडी पडली होती. आणि रिंगणाच्या आत, शेरूच्या डोक्यापाशी, देवराव खुर्ची टाकून बसले होते. कसलीशी गोष्ट सांगत होते, मला पाहून थांबले.

“गिरदावरसाब,” मी म्हटलं, “तुमची खुर्ची हद्दीच्या आत आली.”

“ठाऊक हाये,” ते म्हणाले. “मोजूनच ठेवली.”